रहस्यकथा व ग्रंथालयीन वाचक-मार्गदर्शन

रहस्यकथा व ग्रंथालयीन वाचक-मार्गदर्शन : गुन्हा, त्याचा शोध व त्यामागील गूढ यांवर आधारलेल्या कादंबऱ्यांपैकी कोणती कोणत्या वाचकास सुचवावी, यासंबंधीचा ग्रंथपालाचा विचार व व्यवहार. ग्रंथालयातून सर्वाधिक नेल्या जाणाऱ्या पुस्तकांत रहस्यकथांची गणना होते. मात्र ग्रंथपालाचे मार्गदर्शन याच वाचकाच्या वाट्याला सर्वांत उशिरा आले. रहस्यकथेच्या वाचकाला तिच्यापासून दूर कसे न्यावे, हाच प्रश्न दीर्घकाळ महत्त्वाचा मानला गेला. त्याला नेमके काय हवे आहे, ही विचारणा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच नेटाने सुरू झाली.

एडगर ॲलन पो (१८०९–४९) याची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ (१८४१) ही कथा आधुनिक शोधकथेचा आरंभ मानली जाते, तर इंग्लंडमधील सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा १८५० मध्ये संमत झाला. अशा रीतीने दोन्ही संस्था जवळजवळ समवयस्क आहेत. परंतु रहस्यकादंबरी प्रथम वाढली ती सार्वजनिक नव्हे, तर वर्गणीदार ग्रंथालयांच्या आश्रयाने. चार्ल्स एडवर्ड म्यूडी (१८१८–९०) याने १८४२ मध्ये लंडन येथे सुरू केलेल्या ग्रंथालयात वर्षाला एक गिनी भरणाऱ्यास एका वेळी एक खंड नेता येई. त्या काळी कादंबरी तीन खंडांत निघे व तिची किंमत दीड गिनी असे. त्यामुळे ती विकत घेण्यापेक्षा वर्गणी भरणेच मध्यमवर्गास परवडे. पहिला खंड परत करून दुसरा आणण्याची उत्कंठा वाचकात निर्माण करणारा लेखक अशा व्यवस्थेत साहजिकच यशस्वी होई. विल्की कॉलिन्स (१८२४–८९) याच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या तीन खंडांच्या कादंबरीत रहस्य लांबवीत नेण्याची जी हातोटी दिसते, तिला ग्रंथालयाच्या या अर्थकारणाचे पाठबळ होते. म्यूडी आपल्या संग्रहास ‘निवडक’ म्हणवीत असे व नीतीस बाधक वाटणारी पुस्तके नाकारीत असे. त्याची ही निवड म्हणजे एक प्रकारची शिफारसच होती. फक्त ती वाचकाला विचारून केलेली नव्हती. तीन खंडांची ही प्रथा १८९४ नंतर मोडली.

करातून चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांपुढील अडचण निराळी होती. लोकांच्या पैशातून करमणुकीची पुस्तके घ्यावीत काय, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत गाजला. फिलाडेल्फियातील जर्मनटाउन येथील क्वेकर पंथीयांच्या ग्रंथालयाने कादंबऱ्या ठेवण्याचेच नाकारले. मॅसॅचूसेट्स राज्यातील वुस्टर येथील ग्रंथपाल सॅम्युएल स्वेट ग्रीन (१८३७–१९१८) याने अधिक समंजस भूमिका घेतली. ग्रंथपालाने वाचकांत मिसळावे, त्यांच्या गरजा जाणून घ्याव्यात, असे त्याने १८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरलेल्या ग्रंथपालांच्या परिषदेत प्रतिपादिले. वाचक-मार्गदर्शनाचा उगम या निबंधात शोधला जातो. सनसनाटी कादंबऱ्या काही प्रमाणात ठेवाव्यात; त्या निमित्ताने वाचक आत येईल व पुढे हळूहळू वरच्या पायरीच्या वाचनाकडे वळविता येईल, असे त्याचे मत होते. पायऱ्यांची ही कल्पना पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. इंग्लंड-अमेरिकेतील अनेक ग्रंथालयांनी १८९० नंतर कादंबरीखेरीज अन्य पुस्तकांसाठी वाचकास दुसरे तिकीट देण्यास प्रारंभ केला, तोही याच विचाराने. ग्रीनच्या उदार हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि ज्याच्या आवडीला आपण तात्पुरती सवलत समजतो, त्याला त्या आवडीतील पुस्तक मनापासून सुचविणे अवघडच असते.

पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत शोधकथेला बहर आला. आगाथा क्रिस्टी (१८९०–१९७६), डोरोथी सेअर्स (१८९३–१९५७) प्रभृतींच्या कादंबऱ्यांना प्रचंड मागणी होती. ती मागणी बव्हंशी बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीच्या दुकानांतील ग्रंथालयांनी (१८९८–१९६६) आणि तंबाखूच्या किंवा किरकोळ मालाच्या दुकानांत थाटलेल्या ‘दोन पेनी’ ग्रंथालयांनी पुरविली. याच सुमारास अमेरिकेतील मोठ्या ग्रंथालयांत ‘वाचक-सल्लागार’ हे पद निर्माण झाले; न्यूयॉर्क येथे जेनी फ्लेक्सनर हिने या कामाची घडी बसविली. पण हा सल्ला मुख्यतः प्रौढशिक्षणाच्या अंगाने, ज्ञानपर पुस्तकांविषयी दिला जाई. शोधकथेच्या वाचकाला सल्लागाराच्या मेजापर्यंत जाण्याचे प्रयोजन नव्हते.

रहस्यकथांच्या निवडीला शिस्त लावणारे पहिले महत्त्वाचे लेखन ग्रंथालयांच्या परिघातूनच आले. हॉवर्ड हेक्राफ्ट (१९०५–९१) हा ग्रंथालयांसाठी सूचिग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या विल्सन कंपनीत काम करी व पुढे तिचा अध्यक्ष झाला. त्याच्या ‘मर्डर फॉर प्लेझर’ (१९४१) या ग्रंथात शोधकथेचा इतिहास व पायाभूत कृतींची निवड आहे. झाक बार्झून व वेंडेल हर्टिग टेलर यांच्या ‘अ कॅटलॉग ऑफ क्राइम’ (१९७१) मध्ये तीन हजारांहून अधिक नोंदी असून प्रत्येकीसोबत थोडक्यात अभिप्राय आहे. या लेखकद्वयाची आवड उघडपणे कोड्याच्या बाजूची व मानसशास्त्रीय गुन्हेकथेला प्रतिकूल आहे. ग्रंथपालाला मात्र असा पक्षपाती मार्गदर्शकही उपयोगी पडतो, कारण त्याचा कल कोठे आहे हे चटकन कळते.

खरा बदल १९८० नंतर झाला. बेटी रोझेनबर्ग हिने ‘जनरफ्लेक्टिंग’ (१९८२) या मार्गदर्शिकेत लोकप्रिय कादंबरीचे प्रकार व उपप्रकार लावून दिले आणि आपल्या आवडीबद्दल वाचकाने संकोच बाळगू नये, अशी भूमिका घेतली. जॉइस सॅरिक्स व नॅन्सी ब्राउन यांनी १९८९ मध्ये मांडलेली पद्धत अधिक व्यवहारोपयोगी ठरली. पुस्तकाच्या विषयापेक्षा त्याची गती, पात्रचित्रण, कथानकाची धाटणी व पार्श्वभूमी यांमुळे ते वाचकास आवडते. म्हणून ‘काय वाचलेत?’ याबरोबरच ‘त्यातले काय आवडले?’ हेही विचारावे, असे त्यांनी सुचविले.

रहस्यकथेच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व विशेष आहे, कारण एकाच नावाखाली परस्परांपासून फार दूरचे वाङ्मय येथे एकत्र येते. क्रिस्टीच्या वाचकास बहुधा कोडे हवे असते : मर्यादित संशयित, उघड्यावर ठेवलेले धागेदोरे व अखेरीस विसकटलेली घडी पुन्हा बसल्याचे समाधान. त्यास रेमंड चँडलर याची ‘द बिग स्लीप’ (१९३९) दिली, तर खून कोणी केला यापेक्षा शहराची कुजकी हवाच तेथे अधिक आढळून तो निराश होण्याचा संभव असतो. फ्रान्सिस आइल्स याच्या ‘मॅलिस अफोरथॉट’ (१९३१) मध्ये खुनी प्रारंभीच ठाऊक असतो. पॅट्रिशिया हायस्मिथ हिच्या ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ (१९५५) मध्ये तर वाचक नकळत गुन्हेगाराच्या बाजूस ओढला जातो. स्वीडनमधील माय श्येवाल व पेर वालो या जोडीने १९६५ ते १९७५ या काळात लिहिलेल्या दहा कादंबऱ्यांत पोलिसांचे कंटाळवाणे, चिकाटीचे काम व समाजाची चिकित्सा आहे. त्या क्रमाने वाचणेच श्रेयस्कर. या सर्वांवर ‘रहस्यकथा’ अशी एकच चिठ्ठी चिकटविणाऱ्या ग्रंथालयात वाचकाची अर्धी वाट चुकते.

या शिफारशीला एक अंगभूत मर्यादाही आहे. इतर पुस्तकाची थोरवी ज्या कारणाने असेल ते सांगता येते. येथे ते बहुधा सांगता येत नाही. क्रिस्टीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) कशामुळे गाजली, हे सांगणाऱ्याने ती वाचण्याचे कारणच काढून घेतलेले असते. म्हणून येथे मार्गदर्शकाच्या शब्दापेक्षा त्याच्यावरील विश्वास अधिक उपयोगी पडतो. आधीच्या वाचकाने समासात खुन्याचे नाव लिहून ठेवले असेल, तर मात्र कोणताच इलाज चालत नाही.

महाराष्ट्रात या वाङ्मयाचा प्रवेश इंग्रजी सनसनाटी कादंबरीच्या द्वारे झाला. जॉर्ज रेनॉल्ड्स (१८१४–७९) याच्या कादंबऱ्यांचा एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखकांवर मोठा प्रभाव होता. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची ‘मधली स्थिती’ ही कादंबरी त्याच्याच एका कृतीवर आधारलेली आहे, तर गो. ना. दातार यांनी त्याच्या कथानकांची एतद्देशीय वेशांतरे करून मोठा वाचकवर्ग मिळविला. पुढे बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार, धनंजय, काळा पहाड या नायकांनी कित्येकांना, विशेषतः अल्पशिक्षित श्रमिकांना, वाचनाची गोडी लावली. महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. १८२८ मध्ये रत्नागिरी येथे व १८४० मध्ये नासिक येथे वाचनालये निघाली आणि १९६७ च्या अधिनियमाने अनुदानाची व्यवस्था झाली. तथापि अर्नाळकरांच्या वाचकाची खरी सोय केली ती गल्लीबोळांतील, नाममात्र भाड्याने पुस्तके देणाऱ्या खाजगी वाचनालयांनी. तेथील चालकाला ग्रंथालयशास्त्र ठाऊक नसे. पण कोणत्या गिऱ्हाइकाने काय वाचले आहे व त्याला पुढचे कोणते द्यावे, हे त्याच्या जिभेवर असे. सॅरिक्स व ब्राउन यांनी जे शास्त्र म्हणून मांडले, ते त्याला धंद्याची गरज म्हणून साधले होते. या व्यवस्थेची दुसरी बाजू अशी, की स्वस्त कागदावरील ती पुस्तके हातोहात फिरून झिजली, त्यांची शेवटची पाने गळाली व जतन करण्याजोगा ऐवज म्हणून त्यांच्याकडे फारसे पाहिले गेले नाही. अर्नाळकरांच्या समग्र लेखनाचा संच एकत्र पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकास म्हणूनच कष्ट पडतात.

एस. आर. रंगनाथन् (१८९२–१९७२) यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा, असे एक सूत्र आहे. त्यात ग्रंथाच्या प्रतिष्ठेची अट नाही. मराठीपुरते पाहता, ‘दुनियादारी’ वाचून सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांच्याकडे वळलेल्या वाचकास त्यांच्या अमर विश्वास या वकिलाच्या कथा देताना त्या वेगळ्या धाटणीच्या असल्याचे सांगणे इष्ट होय. नारायण धारप (१९२५–२००८) यांचे लेखन मुख्यतः भयकथेचे असल्याने, रहस्याची तर्कशुद्ध उकल मागणाऱ्यास ते देण्यापूर्वी विचार करावा. अशा वाचकास भालबा केळकर यांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स जवळचा ठरतो. सत्यजित राय यांच्या फेलूदाकथा अशोक जैन यांच्या अनुवादामुळे मराठीत उपलब्ध असून त्या मुलांइतक्याच प्रौढांनाही रुचतात. त्या संपविलेल्या वाचकास शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये निर्माण केलेल्या ब्योमकेश बक्षीकडे नेता येते.