कायदा उशिरा बदलला की आयकराचा परतावा का लांबतो?

पगारातून जास्त कापलेला कर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. कित्येक घरांत मुलांची फी या पैशांवर ठरलेली असते. पण वर्षाच्या मध्येच कायदा बदलला तर हिशोब अडतो.

ताजं उदाहरण 2024-25 या आर्थिक वर्षाचं. निवडणुकीमुळे पूर्ण अर्थसंकल्प 23 जुलै 2024 रोजी आला. त्याच दिवसापासून शेअर्सवरच्या अल्पकालीन नफ्याचा कर 15 वरून 20 टक्के आणि दीर्घकालीन नफ्याचा 10 वरून 12.5 टक्के झाला. म्हणजे एकाच वर्षात दोन दर! 23 जुलैआधीचा व्यवहार वेगळा, नंतरचा वेगळा. त्यामुळे फॉर्म बदलावे लागले, संगणक प्रणालीही बदलावी लागली. 31 जुलै 2025 ही मुदत आधी 15 सप्टेंबर आणि शेवटी 16 सप्टेंबरपर्यंत वाढली.

मुदत वाढली की दिलासा वाटतो. पण विवरणपत्र उशिरा भरलं, तर परतावाही उशिरा येणार, हे उघड आहे.

मग नुकसान किती? मुदतीत विवरणपत्र भरलं असेल तर परताव्यावर 1 एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं. 20,000 रुपये अडकले असतील तर महिन्याला 100 रुपये. मुदतीनंतर भरलं तर व्याज भरल्याच्या तारखेपासूनच. परतावा एकूण कराच्या 10 टक्क्यांहून कमी असेल तर व्याज नाही. आणि हे व्याजही करपात्र उत्पन्नच असतं.

सर्वांत मोठा धोका पगारदारांना. जुनी करप्रणाली हवी असेल तर ती मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच निवडता येते. तारीख चुकली की विमा, पीएफ, गृहकर्जाच्या सवलती गेल्या आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला परतावाही गेला.

म्हणून एवढं करा:

– फॉर्म 16 मधला कर आणि फॉर्म 26एएस मधला कर जुळतो का ते पाहा.
– शेअर्स किंवा जमीन विकली असेल तर व्यवहाराची तारीख लिहून ठेवा.
– बँक खातं पोर्टलवर आधीच पडताळून घ्या.
– विवरणपत्र भरल्यापासून 30 दिवसांत ई-पडताळणी करा. ती नसेल तर परतावा पुढे सरकत नाही.
– ‘रिफंड मंजूर, लिंक दाबा’ असा मेसेज आला तर दाबू नका. स्थिती पोर्टलवरच बघा.

आणि फीचे पैसे परताव्याच्या भरवशावर ठेवू नका. तो येईल तेव्हा आपलाच असेल, पण कधी येईल ते आपल्या हातात नाही.