दर सेकंदाची हजेरी

परवा नातू घरी आला होता. सध्या काय करतोस विचारलं तर म्हणाला, "आजोबा, व्हर्च्युअल राऊटर बसवतोय." म्हटलं, आभासी म्हणजे मुळात नसलेला. तो बसवायचा कसा?

त्याने कागदावर काढून दाखवलं. खरे राऊटर दोन. दोघांना एकच गट क्रमांक आणि एकच सामाईक पत्ता द्यायचा. तो पत्ता म्हणजेच आभासी राऊटर. संगणक तेवढाच ओळखतात. ज्याचा प्राधान्यक्रम वरचा, तो काम करतो आणि दर सेकंदाला 'मी आहे' असं कळवतो. साधारण तीन सेकंद हाक आली नाही, की दुसरा तोच पत्ता घेऊन पुढे होतो. संगणकांना पत्ताही लागत नाही! व्हीआरआरपी नावाचा हा नियम १९९८ साली प्रसिद्ध झाला.

मला मात्र माळीण आठवलं. आमच्या जुन्नर तालुक्यात, आर्वीला, १९७१ मध्येच उपग्रह भूकेंद्र सुरू झालं होतं. सातासमुद्रापार बोलणं इथून जाई. पण ३० जुलै २०१४ ला शेजारच्या आंबेगावात डोंगर कोसळून माळीण गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली, तेव्हा ते पहिल्यांदा कळलं एसटीच्या चालकाला. गाडी घेऊन तो गेला, तर गावच दिसेना. तोवर गाव गप्प झाल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

वर्गात मी रोज हजेरी घेत असे. 'हजर' ऐकू आलं नाही, की त्या पोराच्या घरी निरोप जाई. यंत्रांना आपण हे शिकवलं. डोंगरकुशीतल्या वाड्यांची हजेरी कोण घेणार?