नाण्यावरील हिरवे पुट

तांब्याची घागर चिंचेने घासून लख्ख करणे हा आपल्या घरांतील जुना परिपाठ. शेतात सापडलेल्या नाण्यालाही माणूस साहजिकच तोच न्याय लावतो. परंतु घागर वापरायची असते, नाणे वाचायचे असते. हा भेद विसरल्यास काय गमवावे लागेल, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल.

१९३९ साली वऱ्हाडात, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सुमारे १,६०० सातवाहन नाण्यांचा साठा मिळाला. ही नाणी पोटीनची, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रणाची. एका अंगास हत्ती व राजाचे नाव, दुसऱ्या अंगास उज्जयिनी-चिन्ह. वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या याद्यांत न आढळणारी नावे पुढे आली. अशा नाण्यांपैकी एकावर संपूर्ण नाव क्वचितच दिसते. एकावर आरंभीची अक्षरे, दुसऱ्यावर शेवटची. ती जुळवून राजा ओळखावा लागतो. एक अक्षर झिजले, तर कदाचित एक राजाच हरपेल!

आता या पुटाचे स्वरूप पाहू. जमिनीतील ओल, क्षार व हवा यांच्या योगाने तांब्यावर प्रथम तांबडा ऑक्साइड बसतो, त्यावर हिरवा कार्बोनेट, आणि वर चुना व माती यांचे कठीण कवच. पुष्कळदा मूळ अक्षर आतल्या धातूत उरलेलेच नसते. ते या थरांतच जतन झालेले असते. चिंच वा लिंबू यांचे आम्ल थरांबरोबर अक्षरही विरघळवून टाकते आणि हाती उरते ती चकचकीत, पण मुकी चकती.

म्हणून जाणकार घाई करीत नाहीत. नाणे ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवावे, पाणी वरचेवर बदलावे, आणि भिंगाखाली लाकडी अणीने कण कण माती सोडवावी. मात्र फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा उमटू लागली, तर तो क्लोराइडचा रोग होय. दमट हवेत तो धातू पोखरीत जातो. अशा वेळी नाणे कोरडे ठेवून प्रयोगशाळेकडे सोपवावे.

दोन हजार वर्षे मातीने सांभाळलेले अक्षर आपल्या हातून एका दुपारी पुसले जाऊ नये, एवढेच सांगणे.