किल्ली तिजोरीपासून दूर

मुलुंडहून सीएसएमटीकडे निघालेल्या धीम्या लोकलचं चौथं स्टेशन विक्रोळी. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली लालबागला कुलपं बनवायला घेतली, 1902 पासून तिजोऱ्या, आणि पुढे हा उद्योग विक्रोळीत विस्तारला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या इथेच घडल्या. तिजोरीबरोबर बँकांमध्ये एक शिस्तही रुजली: स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे. मुलुंडच्या बँक शाखांतही एकट्याला ते दार उघडता येत नाही.

1973 साली अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र सुरू झालं आणि उपनगरांत सॉफ्टवेअरचा व्यवसाय वाढला. या व्यवसायातली तिजोरी म्हणजे डेटाबेस आणि किल्ली म्हणजे त्याचा पासवर्ड. ही किल्ली ठेवायची कुठे, हे प्रोग्रामर मंडळी जगभर ठेचा खात शिकली.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये सीटीएसएस या अनेकांनी वाटून वापरायच्या संगणक यंत्रणेवर सगळ्यांचे पासवर्ड एकाच फाइलीत जसेच्या तसे असत. 1962 मध्ये ॲलन शेर या संशोधकाने संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून ती फाइलच छापून घेतली. पासवर्डऐवजी त्याचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही अशी खूण) साठवायचा आणि त्यात सॉल्ट, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळी यादृच्छिक भर, मिसळायचं, हा युनिक्समधला उपाय रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 साली सविस्तर मांडला.

डेटाबेसशी बोलणाऱ्या प्रोग्रामला मात्र हॅश पुरत नाही. त्याच्या हाती खरा पासवर्डच लागतो. म्हणून तो कोडमध्येच लिहून टाकायची सवय पडली. 2005 मध्ये कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं गिट आलं आणि ही सवय आणखी महागात पडू लागली, कारण पुसलेली ओळ जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी नोंदवलेल्या आवृत्तीत, शिल्लक राहते. 2016 मध्ये गिटहब या कोड साठवायच्या सेवेवरच्या उबरच्या खासगी कोडमध्ये चोरांना ॲमेझॉन क्लाउडची किल्ली सापडली आणि 5.7 कोटी लोकांची माहिती गेली.

यावरचा मार्ग बँकेच्याच शिस्तीचा होता: किल्ली तिजोरीपाशी सोडायची नाही. 2011 च्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या मांडणीने पासवर्ड कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालवताना बाहेरून पुरवलेल्या मूल्यात, ठेवायला सांगितलं. 2015 साली आलेलं हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट तर गरजेपुरता, ठरावीक मुदतीनंतर रद्द होणारा पासवर्ड तयार करून देऊ लागलं.

भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा असे पासवर्ड ज्यात ठेवतात ती आपल्या प्रोजेक्टची ‘डॉट ईएनव्ही’ फाइल ‘गिटइग्नोर’मध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, आहे का, हे आजच पाहावं. एखादा पासवर्ड कमिटमध्ये गेलाच असेल, तर नुसती ओळ पुसून थांबू नये, पासवर्डच बदलावा.