हाय-रेझ ऑडिओ म्हणजे नक्की काय? आणि घरासाठी संगीत यंत्रणा घेताना पैसे कुठे घालावेत?

नवा साउंडबार, हेडफोन, कधीकधी तर मोबाइल घेतानाही खोक्यावर एक काळा-सोनेरी स्टिकर दिसतो: 'हाय-रेझ ऑडिओ'. दुकानदार त्याच्यावर बोट ठेवतो आणि किंमत दोन-चार हजारांनी जास्त का आहे ते सांगतो. दुसरीकडे ॲपल म्युझिकने जून २०२१ पासून त्याच वर्गणीत 'लॉसलेस' आणि 'हाय-रेझ लॉसलेस' गाणी द्यायला सुरुवात केली. मग घरोघरी प्रश्न पडतो, की आहे त्या स्पीकरवर हे ऐकू येईल, की सगळंच नवीन घ्यावं लागेल?

बहुतेक घरांत बदलावे लागतात ते स्पीकर आणि त्यांची जागा. फाइलवरच्या आकड्यांचा नंबर बराच नंतर लागतो. असं का, हे समजायला आधी ते आकडे पाहू.

१६-४४ आणि २४-१९२ ही काय भानगड आहे?

डिजिटल रेकॉर्डिंग म्हणजे आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजून लिहून ठेवणं. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून तयार केलेली आणि १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजते. प्रत्येक मोजमाप १६ बिटमध्ये लिहिलं जातं. पहिला आकडा म्हणजे सॅम्पल रेट, दुसरा बिट डेप्थ. सीडीपेक्षा जास्त आकड्यांचं रेकॉर्डिंग, साधारणपणे २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ, याला हाय-रेझ म्हणतात.

सॅम्पल रेटवरून ठरतं की किती उंच सूर पकडता येईल. मर्यादा त्या आकड्याच्या निम्मी असते, म्हणजे सीडीची २२,०५० हर्ट्झ. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वय वाढेल तसा वरचा भाग कमी होत जातो. चाळिशी-पन्नाशीतल्या अनेकांना १५,००० च्या वरचं काही ऐकू येत नाही, आणि त्यांना ते जाणवतही नाही, कारण संगीताचा जीव त्याच्या बराच खाली असतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. डिजिटल आवाज जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटक असतो आणि सॅम्पल रेट वाढवला की पायऱ्या बारीक होतात, असं दाखवणारी चित्रं जाहिरातींत सर्रास असतात. प्रत्यक्षात डॅकमधून, म्हणजे डिजिटल आकड्यांचा पुन्हा विद्युतलहरीत बदल करणाऱ्या भागातून, गुळगुळीत लहरच बाहेर पडते. मर्यादेच्या आतला सूर सीडीवरूनही पूर्ण परत मिळतो.

बिट डेप्थवरून ठरतं की सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात किती अंतर ठेवता येईल. एका बिटला सुमारे ६ डेसिबल. म्हणून १६ बिटला साधारण ९६ डेसिबल आणि २४ बिटला कागदावर १४४. कागदावर म्हणायचं कारण असं, की १४४ डेसिबल खरोखर देणारा डॅक घरगुती बाजारात नाही. उत्तमातले उत्तम १२०-१३० च्या घरात थांबतात. स्टुडिओत मात्र २४ बिट खरंच कामाचे आहेत. गायक अचानक वरच्या सुरात गेला तरी रेकॉर्डिंग फाटू नये म्हणून तिथे वर मोकळी जागा सोडावी लागते.

तुमच्या खोलीत किती बिट मावतात?

हा हिशोब फारसं कुणी सांगत नाही. रात्री शांत वाटणाऱ्या शहरातल्या खोलीतही पंखा, फ्रिज आणि रस्ता मिळून ३० ते ४० डेसिबलचा आवाज असतो. आता गाण्याचा सर्वांत मोठा क्षण ९५ डेसिबलवर वाजवला, तर शेजारी बेल वाजवण्याच्या बेतात असतात. या दोन्हींतलं अंतर झालं साधारण ६० डेसिबल, म्हणजे १० बिट. कान गोंगाटाखालचंही थोडं वेचतो, तेव्हा दोन-तीन बिट वाढवून धरा. तरी सीडीचे १६ बिट पुरून उरतात.

ऐकणाऱ्यांना फरक कळतो का?

यावर प्रयोग झाले आहेत. २००७ मध्ये ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या चाचण्या मांडल्या. हाय-रेझ डिस्कचा आवाज एकदा जसाच्या तसा आणि एकदा मध्येच सीडीच्या दर्जावर आणून ऐकवला. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी असे १८ प्रयोग एकत्र करून पाहिले. बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं आणि आधी सराव करून घेतलेल्या श्रोत्यांचं त्याहून बरंच जास्त. म्हणजे फरक शून्य म्हणता येत नाही, पण तो इतका बारीक आहे की ओळखायला प्रशिक्षण लागतं.

मग अनेकांना हाय-रेझ आवृत्ती चांगली का वाटते? मेयर आणि मोरन यांनीच त्याचा एक सुगावा दिला होता: या डिस्कवरचं मास्टरिंग अनेकदा जास्त काळजीने केलेलं असतं. नेहमीच्या आवृत्तीत सगळं गाणं ठोकून एकाच मोठ्या पातळीवर आणलेलं असतं, तर हाय-रेझ आवृत्तीत चढउतार शिल्लक असतात. तो फरक खरा आहे आणि कुणालाही ऐकू येतो. फक्त त्याचं श्रेय १९२ या आकड्याला जात नाही. तीच काळजीने केलेली आवृत्ती सीडीच्या दर्जावर उतरवली तरी तशीच वाजते.

जुन्या संगीताच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. ७८ आरपीएमच्या तबकडीवरची नाट्यगीतं २४-१९२ मध्ये साठवली, तर त्या तबकडीची खरखर अतिशय अचूक साठवली जाते, इतकंच. चांगल्या प्रतीवरून, योग्य सुईने आणि योग्य वेगाने केलेलं साधं सीडी दर्जाचं रूपांतर यापेक्षा शंभरपट मोलाचं.

फोनपासून स्पीकरपर्यंत गळती कुठे होते?

आधी एक खरी आणि फुकटातली सुधारणा. स्ट्रीमिंग ॲपच्या सेटिंगमध्ये 'डेटा वाचवा' चालू असेल तर ते बंद करा. अगदी कमी बिटरेटच्या गाण्यात झांजा आणि टाळ्या पाण्यात बुडाल्यासारख्या वाजतात. हा फरक कुणालाही कळतो. तिथून २५६ किलोबिटवर गेलं की मोठी उडी मिळते, त्यानंतरच्या पायऱ्या लहान होत जातात. डेटाचा हिशोब मात्र उलटा चालतो. ॲपलच्याच आकड्यांनुसार तीन मिनिटांचं गाणं २५६ किलोबिटवर सुमारे ६ एमबी, २४-४८ लॉसलेसमध्ये ३६ एमबी आणि २४-१९२ मध्ये १४५ एमबी घेतं. मोबाइल डेटावर हाय-रेझ ऐकणं ही निव्वळ उधळपट्टी.

दुसरी गळती ब्लूटूथची. सीडीचा मूळ प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटचा. ब्लूटूथवर सोनीचा एलडॅक कोडेक जास्तीत जास्त ९९० पर्यंत जातो आणि सिग्नल कमजोर झाला की ६६० किंवा ३३० वर उतरतो. आयफोन तर एलडॅक वापरतच नाही, तो एएसी कोडेकवर चालतो. म्हणून ब्लूटूथ स्पीकरवर '२४-१९२' वाजवताना स्क्रीनवर काहीही लिहिलेलं असो, हवेतून जातं ते पुन्हा दाबलेलं गाणं. ते वाईट वाजतं असं नाही; पण त्यासाठी हाय-रेझचे वेगळे पैसे मोजू नयेत.

घरात लॉसलेस हवं असेल तर वायफायवर चालणारा स्ट्रीमर, किंवा लॅपटॉपला अथवा फोनला यूएसबीने जोडलेला डॅक घ्यावा. फाइल विकत घ्यायच्या असतील तर फ्लॅक निवडावं. २००१ पासून असलेलं हे मुक्त स्वरूप आकार कमी करतं, पण एकही बिट गाळत नाही. एमक्यूए नावाचं स्वरूप २०१४ पासून गाजावाजा करत आलं, त्यासाठी लोकांनी खास डॅक घेतले. २०२३ मध्ये ती कंपनी आर्थिक प्रशासनाखाली गेली आणि टायडलने फ्लॅकची वाट धरली. एकाच कंपनीच्या परवान्यावर चालणाऱ्या स्वरूपासाठी यंत्र घेण्यातला धोका यातून दिसतो.

स्पीकर आणि खोली

खरा खेळ इथे आहे. आजचा साधा, स्वस्त डॅक जितका विकृतीरहित वाजतो, त्याच्या जवळपासही चांगले स्पीकर पोहोचत नाहीत. दोन स्पीकरमधला फरक स्वयंपाकघरात उभं राहूनही कळतो. म्हणून अंदाजपत्रकातल्या शंभर रुपयांपैकी साठ-सत्तर स्पीकरवर जावेत. त्या काळ्या-सोनेरी स्टिकरचा मुख्य निकष ४० किलोहर्ट्झपर्यंत वाजवण्याची क्षमता हा आहे. कानाच्या दुप्पट. आवाजाचा गाभा, म्हणजे माणसाचा गळा, सारंगी, हार्मोनियम, ज्या पट्ट्यात असतो, तिथे स्पीकर किती सरळ वाजतो हे त्यावरून कळत नाही. ते कळायला ओळखीचं गाणं घेऊन दुकानात जायला हवं. नीट माहीत असलेला गायकाचा आवाज आणि तानपुरा हे झगमगीत डेमो गाण्यापेक्षा कितीतरी चांगलं परीक्षण आहे. पुरुष गायकाच्या काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. छोटा स्पीकर तो मूळ सूर जवळजवळ गाळतो आणि वरचे स्वरांश तेवढे ऐकवतो.

आता खोली. १० बाय १० फुटांची खोली आपल्याकडे सर्रास असते, आणि संगीताला ती सगळ्यात गैरसोयीची. समोरासमोरच्या दोन भिंतींत साधारण ५६ हर्ट्झची लहर अडकून घुमते. लांबी-रुंदी सारखी असल्याने दोन्ही दिशांना तोच सूर घुमतो. ११२ हर्ट्झलाही तसंच. डग्ग्याचा घुमारा, ढोल, बास गिटार यांचा मोठा ऐवज याच भागात असतो. परिणामी भिंतीला टेकून बसलं की खालचे सूर अंगावर येतात, खोलीच्या बरोबर मध्ये बसलं की गायब होतात. कुठलाही डॅक यावर उपाय करू शकत नाही. खुर्ची फूट-दोन फूट सरकवणं करू शकतं.

वर आपल्याकडे फरशी, सिमेंटच्या भिंती, काचेचं कपाट. टाळी वाजवून पाहा. मागोमाग झणझणाट आला तर तोच झणझणाट प्रत्येक शब्दाला चिकटतो आहे. जाड सतरंजी, पडदा, गादी, पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट यांनी तो बराच उतरतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायचा इंटरनेटवरचा सल्ला सोडून द्यावा, त्यांनी फारसं काही शोषलं जात नाही.

स्पीकर शोकेसच्या कप्प्यात, ट्रॉफ्या आणि फुलदाणीच्या मध्ये कोंबू नयेत. दोन्ही स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, वरचा छोटा ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा आणि भिंत-कोपऱ्यापासून जमेल तेवढं अंतर राहावं. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर जास्त बास देतो, पण तो गढूळ असतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: वूफरच्या शंकूभोवतीची कड रबराची आहे का. फोमची कड काही वर्षांनी भुगा होऊन गळते.

ॲम्प्लिफायरचं लवकर आटपेल. लहान खोलीला प्रत्येक बाजूला ४०-५० खरे वॉट पुष्कळ झाले. ताकद दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. खोक्यावर 'पीएमपीओ' असं लिहिलेले हजारो वॉट विसरून जावेत आणि आरएमएस आकडा मागावा. घरात सोनोडाइन किंवा कॉस्मिकचा जुना चालू ॲम्प्लिफायर पडून असेल तर तो तपासून घ्या, स्ट्रीमर जोडला की चालेल. केबल जाड तांब्याची आणि नीट घट्ट बसलेली असली म्हणजे झालं.

जागाच नसेल, किंवा घरातले इतर झोपलेले असतील, तर त्याच पैशात चांगला वायरचा हेडफोन स्पीकरपेक्षा पुष्कळ जास्त देतो, कारण त्याच्यामध्ये खोली येत नाही.

पैसे देण्याआधी घरी करायची चाचणी

ज्याला अजूनही वाटतं की आपल्याला फरक कळतो, त्याच्यासाठी फुकट उपाय आहे. एखादी २४-९६ फाइल घ्या. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये तिचा स्पेक्ट्रोग्राम पाहा. २२ किलोहर्ट्झवर कात्रीने कापल्यासारखी रेघ दिसली तर ती सीडी दर्जाचीच फाइल फुगवून विकलेली असण्याची दाट शक्यता आहे. फाइल खरी निघाली तर तिची १६-४४.१ प्रत तयार करा आणि फूबार२००० मधल्या एबीएक्स सोयीने दोन्ही ऐका. कुठली कुठली ते प्रोग्रॅम लपवतो. दोन्हींची पातळी समान आहे हे आधी पाहा, कारण किंचित मोठा आवाज नेहमी 'चांगला' वाटतो. दहा फेऱ्या करा. नऊ किंवा दहा बरोबर आल्या तर ते नुसत्या नशिबाने होण्याची शक्यता जेमतेम एक टक्का आहे, आणि तुमच्या बाबतीत हाय-रेझवर खर्च करायला कारण आहे. पाच-सहा आल्या तर डॅकसाठी बाजूला काढलेले पैसे स्पीकरच्या खात्यात टाका.