चिखल आणि डांबर यांच्यामधला टायर

दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून कारखान्यांतून बाहेर पडलेल्या विलिस जीपच्या चाकांवर ६.००-१६ मापाचे, उंच आणि अरुंद टायर असत. आजच्या ऑल-टेरेन टायरची कुळकथा तिथून सांगावी लागते. मधोमध रबराची नागमोडी पट्टी, तिच्या दोन्ही अंगांना आळीपाळीने निघालेले जाड ठोकळे आणि ठोकळ्यांमधली खाच थेट कडेपर्यंत उघडी, अशी त्यांची नक्षी होती. ही नक्षी दोन्ही दिशांनी सारखीच असल्यामुळे टायर कसाही बसवता येई आणि पुढे जाताना मिळणारी पकड मागे येतानाही मिळे. ठोकळा चिखलात रुते, चाक फिरले की खाचेत साचलेला चिखल कडेने बाहेर फेकला जाई. युद्धभूमीवर यापेक्षा जास्त काही नको होते.

हाच टायर डांबरावर आला की त्याचे गुणच त्याचे दोष ठरत. रस्त्याला टेकत ते फक्त ठोकळ्यांचे माथे. बाकी जागा मोकळी असल्याने ब्रेक लावताना धरायला रबर कमी पडे, आणि पावसाने रस्ता ओला झाला की गाडी घसरे. वेग वाढेल तसा एकेक ठोकळा रस्त्यावर आपटून घुमल्यासारखा आवाज चढत जाई. ठोकळ्याची एक कड दुसरीपेक्षा लवकर झिजे आणि काही हजार किलोमीटरनंतर टायरवरून हात फिरवला तर करवतीचे दाते लागावेत तसे लागे.

युद्ध संपले आणि जीप नागरी कामाला लागली. मुंबईत माझगावला महिंद्रा अँड महिंद्राने १९४९ मध्ये सुट्या भागांतून विलिस जीप जोडायला सुरुवात केली. सरकारी खाती, पाटबंधाऱ्यांची कामे, पोलीस ठाणी यांत ती रुळली, आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात वडापची गाडी म्हणून तिने दोन-तीन पिढ्यांची माणसे बाजारगावी पोचवली. बनावटीने रानातली असलेली ही गाडी दिवसाचा मोठा भाग सडकेवरच काढू लागली. गाडी आणि रस्ता यांच्यातली ही तफावत हेच ऑल-टेरेन टायरच्या जन्माचे कारण आहे, आणि ती जगभर जवळपास एकाच काळात उभी राहिली.

अमेरिकेत ती आधी बाजारपेठ बनली. फोर्डची ब्राँको १९६६ ची, शेव्हर्लेची ब्लेझर १९६९ ची. या गाड्या घेणारे लोक आठवडाभर महामार्गावरून कामाला जात आणि सुट्टीला वाळवंट गाठत. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातली लांब पल्ल्याची शर्यत १९६७ मध्ये सुरू झाली, आणि तिथल्या वाळूत अरुंद टायर रुततो, रुंद टायर वर तरंगतो, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आले. रुंद टायरांची मागणी वाढली, पण ते बहुतेक जुन्या पद्धतीचेच होते, म्हणजे आपल्याकडे ज्यांना सरसकट ‘नायलॉन टायर’ म्हणतात तसे. त्यांत धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत जातात. बाजूची भिंत आणि रस्त्याला टेकणारा भाग एकाच सांगाड्याचा असल्याने भिंत वाकली की नक्षीही वेडीवाकडी होते, घासते आणि तापते.

यावरचा उपाय फ्रान्समध्ये तयार होता. मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि १९४९ मध्ये तो बाजारात आणला. त्यात धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळे भिंत लवचिक राहते, नक्षी मात्र रस्त्यावर सपाट टेकते. हा टायर टिकतो जास्त आणि इंधन खातो कमी. प्रश्न होता तो दगडधोंड्यांत त्याची पातळ भिंत तग धरेल का, हा.

बीएफगुडरिचने १९७६ मध्ये ‘रेडियल ऑल-टेरेन टी/ए’ आणून त्याचे उत्तर दिले. भिंत जाड केली आणि नक्षीचे ठोकळे एकमेकांत गुंतवले. ठोकळे सुटे असले तर डगमगतात. गुंतवले की ब्रेक लागताना एकमेकांना आधार देतात. १९८० मध्ये त्याच कंपनीने वेगळा ‘मड-टेरेन’ काढला. या वाटणीचे महत्त्व मोठे आहे. खोल चिखलाचे काम दुसऱ्या टायरवर गेल्यामुळे ऑल-टेरेनला डांबराकडे झुकायची मोकळीक मिळाली. मधल्या खाचा अरुंद झाल्या. आवाज एका सुरात घुमू नये म्हणून ठोकळे लहानमोठे केले गेले. जॉन साइप यांनी १९२३ मध्ये पेटंट घेतलेल्या बारीक चिरा ठोकळ्यांच्या माथ्यावर आल्या, आणि ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर तोडण्याचे काम त्या करू लागल्या.

भारतात रेडियल टायर जेके टायरने १९७७ मध्ये आणला, तरी जीपवर नायलॉनचे राज्य पुढे बराच काळ टिकले. खराब रस्ते, जादा भार आणि कुठल्याही नाक्यावर पंक्चर काढून मिळण्याची सोय, ही त्याची खरी कारणे. चित्र पालटले ते गाडीच पालटल्यावर. २०२० मध्ये आलेल्या, नाशिकला बनणाऱ्या महिंद्राच्या नव्या थारच्या वरच्या श्रेणीला कारखान्यातूनच २५५/६५ आर१८ मापाचे सिएटचे ऑल-टेरेन टायर मिळाले.

हा सगळा इतिहास टायरच्या दुकानात उपयोगी पडतो. गाडी बहुतेक डांबरावर आणि अधूनमधून गडाच्या पायथ्याच्या किंवा शेताच्या वाटेने जात असेल, तर मधला भाग भरीव, खाचा मर्यादित आणि ठोकळ्यांवर भरपूर चिरा असलेला ऑल-टेरेन घ्यावा. कोकणच्या आणि घाटाच्या पावसात चिराच कामी येतात. माप आणि भारक्षमता गाडीच्या कारखान्याने सांगितलेलीच ठेवावी. ‘एलटी’ (लाइट ट्रक) खुणेचा टायर दणकट असतो, पण तो जड आणि ताठ असतो. तेवढाच भार पेलायला त्याला हवाही जास्त लागते. गाडी रोज खडीत किंवा ओझ्याखाली नसेल तर त्याची गरज पडत नाही. मड-टेरेन दिसायला कितीही रुबाबदार असला तरी ओल्या डांबरावर तो ऑल-टेरेनच्या मागेच राहतो. आणि ज्या गाडीने वर्षभरात सडक सोडलेलीच नाही, तिला साधा हायवे टायरच सर्वांत सुरक्षित.