भासमान वारा: टेम्सपासून मुंबईच्या 'सुहैली'पर्यंत

जबलपूरजवळच्या बरगी जलाशयात मोटरबोट वेग घेते तेव्हा तिच्यावरचा झेंडा पाहा. काठावरची झाडे आडव्या वाऱ्याने हलत असतात. झेंडा मात्र बोटीच्या मागच्या बाजूकडे वळून फडकतो. मग वारा नेमका कुठून येतो आहे? झाडाला लागतो तो खरा वारा. झेंड्याला लागतो तो भासमान वारा, म्हणजे खऱ्या वाऱ्याच्या वेगातून बोटीचा वेग सदिश रीतीने वजा केल्यावर उरणारा. पावसात चालताना छत्री पुढे का झुकवावी लागते, हे उदाहरण तुम्ही अकरावीत सोडवले आहे. गणित तेच. पण शिडाच्या बोटीत एक गुंता आहे: बोटीला वेग वाराच देतो, आणि वेग आला की त्याच वाऱ्याची दिशा बोटीपुरती बदलते.

या गुंत्यातून खगोलशास्त्राला एक मोठा शोध मिळाला, असे सांगतात. डिसेंबर 1725 पासून इंग्लंडमध्ये सॅम्युएल मॉलिन्यू आणि जेम्स ब्रॅडली हे कालेय तारकासमूहातील एका ताऱ्याचे वेध घेत होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तर जवळचा तारा वर्षभरात थोडा सरकलेला दिसायला हवा, ही अपेक्षा. तारा सरकला, पण भलत्याच दिशेला. कोडे सुटेना. 1728 मध्ये ब्रॅडली टेम्स नदीत शिडाच्या नौकेतून फिरत होता. नौका वळली की डोलकाठीवरचे वातकुक्कुटही वळे. वारा दर वेळी बदलतो कसा, असे त्याने विचारले. खलाशी म्हणाले, वारा तोच आहे, वळली ती नौका. ब्रॅडलीला उत्तर सापडले: पृथ्वी ही नौका, ताऱ्याचा प्रकाश हा वारा. पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर, प्रकाशाचा सुमारे 3 लाख. गुणोत्तर दहा हजारांत एक, म्हणजे कोनात सुमारे 20 विकला. निरीक्षणात एवढेच सरकणे दिसत होते. यालाच प्रकाशाचे विपथन म्हणतात. पृथ्वी फिरते याचा हा पहिला थेट पुरावा, आणि तो 1729 च्या आरंभी रॉयल सोसायटीपुढे आला. नौकेची गोष्ट मात्र छापलेली सापडते ती 1812 च्या थॉमस थॉमसनच्या ग्रंथात, म्हणजे ब्रॅडलीनंतर अर्ध्या शतकाने. ती शब्दशः खरी मानू नका; पण भूमिती अचूक आहे, म्हणून ती शिकवण्यालायक आहे.

त्या खलाशांना हे ठाऊक होते, कारण न कळणाऱ्याला समुद्र माफ करत नाही. आकडे मांडून पाहा. खरा वारा 20 नॉट, अगदी पाठीमागून. बोट 8 नॉटने चालली आहे. अंगाला लागतो फक्त 12 नॉट वारा. वातावरण सौम्य वाटते, शीड पूर्ण उघडे असते. आता बोट वळवून वाऱ्याच्या दिशेशी 45 अंशांचा कोन करा. वेग 6 नॉटवर आला तरी भासमान वारा साडेचोवीस नॉटच्या आसपास जातो, आणि नाळेशी त्याचा कोन 45 नव्हे, सुमारे 35 अंश होतो. शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे चौपटीहून जास्त. समुद्रावरचा वारा तसूभरही वाढलेला नाही! म्हणून शीड कमी करायचे ते वळण्याआधी.

डोलकाठीवरचा बाण हा भासमान वारा दाखवतो, आणि शीड लावायला तोच हवा असतो. शिडाच्या दोन्ही बाजूंना लोकरीचे धागे चिकटवतात. दोन्ही सरळ मागे वाहिले तर शीड बरोबर लागले. वाऱ्याकडचा धागा फडफडला तर शीड थोडे ओढून घ्यायचे, आडोशाकडचा फडफडला तर सैल सोडायचे. इतके स्वस्त मापनयंत्र आमच्या प्रयोगशाळेत एकही नाही.

याच भासमान वाऱ्याला सुकाणू धरायला लावता येते. डोलणारे एक पाते वाऱ्याला समांतर राहते. बोट भरकटली की ते कलते आणि सुकाणूला उलट धक्का देते. नियंत्रण प्रणालीच्या भाषेत हा ऋण प्रतिभरण. 'सुहैली' ही सुमारे 32 फुटांची सागवानी बोट मुंबईत बांधली गेली आणि 1964 च्या अखेरीस पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून 14 जून 1968 ला इंग्लंडहून निघाला आणि 22 एप्रिल 1969 ला परतला: एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. तिचे असे स्वयंसुकाणू ऑस्ट्रेलियाच्या आसपास निकामी झाले. पुढे शिडे एकमेकांशी तोलून लावायची आणि बोट स्वतःच दिशा धरील असे करायचे, हा त्याचा मार्ग. पाते गेले, तत्त्व तेच राहिले. मात्र त्यात एक खोच आहे, आणि ती पात्यालाही लागू आहे: अशी बोट कोन राखते तो वाऱ्याशी, होकायंत्राशी नव्हे. रात्री वारा फिरला तर बोटही मुकाट्याने त्याच्याबरोबर फिरते.

भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले; दक्षिण महासागरातील पश्चिमी वारे त्यांना बहुतेक पाठीमागून, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या फसव्या बाजूने मिळणारे. 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' गोव्यातच 'सुहैली'च्या धर्तीवर बांधली गेली. आजच्या नौकांत डोलकाठीवरचा संवेदक भासमान वारा मोजतो आणि संगणक बोटीचा वेग हिशेबात घेऊन खरा वारा पडद्यावर दाखवतो. त्या शर्यतीत 1968 च्या काळातल्याच साधनांवर भागवायचे होते. ही वजाबाकी नाविकाने मनातच करायची.